सासऱ्यांचा आवाज आणि दोन खणांचा डबा

भरल्या पोटी माणसानं कुणाला शब्द देऊ नये, हे मला त्या थँक्सगिव्हिंगला कळलं. बशीत भोपळ्याच्या 'पाय' या गोड पदार्थाचा दुसरा तुकडा होता, बाहेर बर्फ भुरभुरत होतं, आणि मी, लाईल हाउगेन, वाहन परवाना खात्यातला निवृत्त परीक्षक, साऱ्या जगाशी समेट करून बसलो होतो. तेवढ्यात माझ्या सासूबाई, आर्डिस, काटा खाली ठेवून म्हणाल्या, "मला हिल्मरचा आवाज ऐकायचाय."

हिल्मर म्हणजे माझे सासरे. त्यांना जाऊन तीन वर्षं झाली होती.

"मला तो आठवेनासा झालाय," सासूबाई म्हणाल्या. "चेहरा दिसतो, ओठ हलताना दिसतात, पण आवाज बंद. चिडलाय की काय, तेही कळत नाही."

हे चिडण्याचं प्रकरण घरात सगळ्यांना ठाऊक होतं, पण त्यावर बोलत कुणी नसे. आमच्याकडे पाहुणा उठला म्हणजे गेला असं नसतं. तो आधी गुडघ्यांवर दोन्ही हात आपटून "बरं, चला तर मग" म्हणतो. मग अर्धा तास उभ्यानं बोलतो. मग कोट चढवतो आणि दारात बोलतो. मग गाडीची काच खाली करून बोलतो. सासूबाई या कलेत गावात पहिल्या. हिल्मर बिचारे "चला तर मग" म्हणून थोडं बोलत आणि मग गाडीत जाऊन बसत. त्या दारात बोलत राहत. शेवटच्या दिवशी हॉस्पिटलात फार्गो शहरातले नातेवाईक भेटायला आले होते. सासूबाई त्यांना लिफ्टपर्यंत पोचवायला म्हणून गेल्या, तिथं नेहमीसारख्या बोलत राहिल्या, आणि परत आल्या तेव्हा हिल्मर गेले होते.

"जन्मभर माझी वाट बघत गाडीत चिडून बसायचा," त्या एकदा मार्लिसला म्हणाल्या होत्या, "आणि शेवटी तसाच चिडून गेला." मार्लिस म्हणजे त्यांची मुलगी आणि माझी बायको. त्या दिवशी मार्लिस स्वयंपाकघरात बराच वेळ तोच एक पेला पुसत होती.

तर मी पायचा तुकडा संपवला आणि छाती फुगवून म्हणालो, "बाबांनी वीस वर्षं व्हिडिओ काढले. सगळ्या टेप आमच्या तळघरात आहेत. तुमच्या नव्वदाव्या वाढदिवसाला सगळं एका जागी घालून देतो."

"दुकानात देऊ या की," माझा मेहुणा कर्टिस म्हणाला.

"दुकानात? बाबांना परक्यांच्या हातात द्यायचं?" मी म्हणालो. मार्लिसनं माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेचा अर्थ मला आता समजतो.

दुसऱ्याच दिवशी शेजारचा ड्वेन सल्ला घेऊन आला. हा टेलिफोन कंपनीतून निवृत्त झालेला. मोटरसायकलच्या परवान्याच्या वेळी मी त्याला नापास केलं होतं, तेव्हापासून तो मला सल्ला देऊन सूड उगवतो.

"तुला नॅस पाहिजे," तो म्हणाला.

"मला काय पाहिजे?"

"छोटा डबा असतो. आत दोन हार्ड डिस्क. घरच्या वाय-फायला जोडायचा, की व्हिडिओ घरातल्या कुठल्याही टीव्हीवर बघता येतात. दोन्ही डिस्कवर तेच ठेवायचं. एक मेली तर दुसरी आहे. त्याला मिरर म्हणतात."

"म्हणजे अर्धा डबा फुकट?"

"फुकट कसा? सुरक्षित!"

मी ब्रेडच्या पिशव्या धुऊन पुन्हा वापरणाऱ्या घरात वाढलो. तेच दोनदा ठेवायचं हे मला उधळपट्टीचं वाटलं. शेवटी मिरर केला, पण डिस्क मिळतील तेवढ्या लहान घेतल्या. पुढचं सगळं रामायण या काटकसरीतून घडलं.

डबा आला. टोस्टरएवढा, वर दोन खण. सासूबाई कॉफीला आल्या होत्या. त्यांनी तो सगळीकडून पाहिला. "जाड ब्रेड मावतो का यात?" असं विचारलं. मी त्यांना अर्धा तास समजावलं. "असं होय," त्या म्हणाल्या, आणि मार्लिसला हळूच, "भाजायला वेळ फार घेणार हा."

डबा घूं घूं करायचा. मार्लिसनं त्याची रवानगी टॉवेलांच्या कपाटात केली. त्यामुळे टॉवेल कायम कोमट राहू लागले आणि हिवाळ्यात आंघोळीनंतर कोमट टॉवेल मिळाल्यावर तिचं डब्याबद्दलचं मत पुष्कळच सुधारलं. या साऱ्या उद्योगात माझं कौतुक झालं ते एवढंच.

आता टेप वाजवायला व्हीसीआर हवा. आमचा केव्हाच मोडीत गेला होता. गावात चालू व्हीसीआर एकच, चर्चच्या रविवारच्या शाळेचा. मला वाटलं, जावं आणि मागावा. पण तो मालमत्ता समितीच्या ताब्यात होता आणि समितीच्या अध्यक्ष लव्हॉनबाई. आमच्या चर्चमध्ये कुणी कुणाला 'नाही' म्हणत नाही. लव्हॉनबाई "हे जरा वेगळंच आहे हं," म्हणाल्या आणि विषय सभेत मांडला. ठराव झाला, अनुमोदन झालं, आणि विचार करायला उपसमिती नेमली गेली. उपसमितीत लव्हॉनबाई आणि मी. मी माझ्याच विनंतीवर गंभीरपणे विचार केला आणि अनुकूल शिफारस केली. तरी व्हीसीआर हाती यायला नाताळ उलटला.

काम सुरू झालं. टेप चालवायची, तिचं चित्र संगणकात उतरवायचं, तिथून डब्यात. मार्लिसनं एकच अट घातली. "आवाज बंद ठेव."

"का गं?"

"मी भांडी घासतेय आणि एकदम बाबांचा आवाज आला तर? मला नाही जमायचं. मला तो आईच्या शेजारी बसून ऐकायचाय."

मी स्पीकर बंद केला आणि रोज मुकाट्यानं मुकी चित्रं बघू लागलो. तळी, मासे, गाई, पोरांच्या पाठी, आणि मधूनच कडेनं येणारं हिल्मरचं जाडजूड बोट, "इकडे बघा" असं दाखवणारं. आणि प्रत्येक टेपच्या शेवटी बूट.

म्हणजे असं, की शूटिंग संपलं की हिल्मर कॅमेरा पट्ट्यानं गळ्यात अडकवायचे आणि बंद करायला विसरायचे. मग पंधरा-वीस मिनिटं, कधी टेप संपेपर्यंत, नुसते बूट, पायपुसणं आणि कुणाच्या तरी कोटाची खालची कड. त्या माणसानं माणसांचे चेहरे टिपले त्याहून जास्त बूट टिपले होते.

जानेवारी संपता संपता डबा भरत आला.

"कचरा काप," ड्वेन म्हणाला. "बूट कशाला ठेवतोस?"

मला पटलं. मी एकेका व्हिडिओतले बूट कापत गेलो. जे काही कामाचं नव्हतं ते उडवलं आणि रद्दीची टोपलीही रिकामी केली. "नक्की?" असं डब्यानं दर वेळी विचारलं. मी परवाना खात्यात जन्म काढला, लोकांना नापास करताना कधी दोनदा विचार केला नाही. दर वेळी "हो" म्हटलं.

व्हीसीआर चर्चला परत केला. आता टेप कशाला हव्यात? डब्यात दोन-दोन प्रती आहेत! मी टेपांची तिन्ही खोकी गाडीत घालून काउंटीच्या कचरा केंद्रावर गेलो. तिथल्या बाईंनी एक टेप हातात घेऊन उलटीपालटी केली.

"ही प्लास्टिकमध्ये जात नाही. हिला स्क्रू आहेत."

"मग इलेक्ट्रॉनिक्समध्ये घाला."

"हिला वायर नाही."

"मग ही जाते तरी कशात?"

"तुमच्या गाडीत," बाई म्हणाल्या आणि खिडकी सरकवून घेतली.

अपमान गिळून घरी आलो तर ड्वेन दारातच. तळ्याच्या बर्फावर त्याची मासेमारीची खोली असते. चाकांवरची, आत शेगडी, जमिनीला भोकं. "मला दे ती खोकी," तो म्हणाला. "बसायला स्टुलं कमी पडतायत." अशा रीतीनं माझ्या सासऱ्यांची वीस वर्षं तळ्यावर जाऊन ड्वेनच्या बुडाखाली बसली.

वाढदिवस आठवड्यावर आला तेव्हा मार्लिस केस करायला गेल्याची संधी साधून मी दार लावलं, आवाज चालू केला आणि पहिल्यांदा ऐकायला बसलो.

सगळे बोलत होते. मार्लिस खिदळत होती. सासूबाई तर थांबतच नव्हत्या. फक्त हिल्मर गप्प. दुसरा व्हिडिओ, तिसरा, दहावा. एकात कुणीतरी म्हणालं, "हिल्मर, तू पण बोल की काहीतरी!" त्यावर सगळं चित्र डावी-उजवीकडे हललं. म्हणजे त्यांनी नुसती मान हलवली. कॅमेरा धरणाऱ्यानं बोललं की चित्र बिघडतं, अशी त्यांची ठाम समजूत असावी.

अख्खा डबा शोधला, एक शब्द नाही. आणि मग एका व्हिडिओच्या शेवटी, जिथं माझी कात्री जरा पुढं पडली होती, चित्र खाली कललं, बुटांची टोकं दिसली, आणि एक खर्जातला, जरासा घोगरा आवाज म्हणाला, "बरं, चला तर मग—"

आणि अंधार.

तेव्हा कुठं मला उमगलं. कॅमेऱ्याचं काम संपलं असं समजून हिल्मर बोलायला लागत होते. जो काही त्यांचा आवाज होता तो बुटांवर होता. आणि बूट मी कापले होते, एकूण एक.

मी डब्याच्या कंपनीला फोन केला. मुलगी फार गोड बोलली.

"सर, तुमचा बॅकअप कुठे आहे?"

"मिरर आहे ना!"

"सर, मिरर म्हणजे आरसा. तुम्ही टोपी काढलीत की आरशातलाही काढणार."

इतकं सोपं मला तोवर कुणीच सांगितलं नव्हतं.

मार्लिस घरी आली. केस छान झाले होते, तेही सांगायचं राहून गेलं. मी सगळं सांगितलं. ती म्हणाली, "ठीक आहे." आमच्याकडे बायकोनं 'ठीक आहे' म्हटलं की शहाण्या नवऱ्यानं कोट घालून ठेवावा.

"टेप कुठायत?" तिनं विचारलं.

"ड्वेनच्या मासेमारीच्या खोलीत."

"म्हणजे तळ्यावर?"

"तळ्यावर."

"मार्च महिन्यात?"

"हो."

"बाबा तळ्याच्या वर आहेत की आत, ते आधी बघून ये," ती म्हणाली, आणि माझा कोट माझ्या हातात दिला. "लाईल, आईनं कधीच काही मागितलं नाही रे. एवढं एकच मागितलंय." ती रडली असती त्यापेक्षा ते वाक्य मला जास्त लागलं.

ड्वेन आणि मी तळ्यावर गेलो. सगळ्या खोल्या बर्फावरून हलवायची शेवटची तारीख तोंडावर आली होती आणि बाकीच्या सुज्ञ लोकांनी त्या केव्हाच ओढून नेल्या होत्या. एकटी ड्वेनची उभी होती, एका बाजूला कललेली, चाकं गोठलेली, भोवती घोटाभर पाणी.

"मी तुला म्हटलं होतं, आधीच आणू या," ड्वेन म्हणाला. त्यानं असं काही म्हटलं नव्हतं.

आम्ही आत शिरून खोकी उचलत होतो, तोच वनखात्याचा तरुण अधिकारी येऊन दारात उभा राहिला. "काका, बर्फ पातळ झालंय. काय नेताय एवढं?"

माझा श्वास फुलला होता. "माझे सासरे आहेत," मी म्हणालो.

त्यानं माझ्या हातातल्या खोक्याकडे पाहिलं आणि टोपी काढली. "माफ करा," तो हळूच म्हणाला. "त्यांना तळं फार आवडायचं का?"

"मासे लागायचे नाहीत त्याला," ड्वेननं माहिती पुरवली.

खोक्यात अस्थी नाहीत, टेप आहेत, हा खुलासा करायला वेळ लागला. टोपी परत घालताना तो माझ्याकडे निरखून बघू लागला. "तुम्ही हाउगेन ना? समांतर पार्किंग. मला दोनदा नापास केलंत."

"तीनदा," मी म्हणालो. एवढा प्रामाणिकपणा खात्यात अंगी मुरतो.

मग त्यानं त्याची घसरगाडी आणली आणि खोकी तिच्यावर लादली. "काका, ढकला," तो म्हणाला. "सरळ. डावीकडे जाताय. इशारा दिलात का?" काठापर्यंत त्यानं माझी अशी परीक्षा घेतली. काठाजवळ माझा पाय गुडघ्यापर्यंत पाण्यात गेला, तिसरं खोकं कलंडलं आणि भिजलं. ते मी वाचवू शकलो नाही. पण दोन कोरडी आली.

तिथून ओल्या पँटीनिशी तडक चर्च. लव्हॉनबाईंना म्हणालो, "व्हीसीआर परत हवाय. उपसमिती कधी बसेल?"

"लाईल, तुझ्या पँटीतलं पाणी चर्चच्या गालिच्यावर पडतंय," त्या म्हणाल्या. "घेऊन जा तो. उपसमितीत आपण दोघंच तर आहोत."

मग मी टेपांवरचे फक्त बूट डब्यात उतरवले. त्यांना जागा व्हावी म्हणून डब्यातली तळी आणि मासे काढले. आता ते जाऊ देत, कोरड्या खोक्यांतल्या टेपांवर ते होतेच. ड्वेननं एक तिसरी डिस्क आणून दिली, तीत सगळं आणखी एकदा ठेवलं आणि ती त्याच्या घरी ठेवली. मी एका शब्दानं वाद घातला नाही. प्रत्येक व्हिडिओत आवाज आहे एवढीच खात्री करायची आणि बंद करायचं, असं मार्लिसला कबूल केलं होतं. तो आवाज तिला आईशेजारी बसून ऐकायचा होता.

वाढदिवस चर्चच्या तळघरात झाला. ओव्हनमध्ये भाजलेली हॉटडिश, लिंबाच्या वड्या, कॉफी, सारं गाव. तिथं वाय-फाय पोचत नाही म्हणून घरची मंडळी नंतर आमच्याकडे यायची होती. चर्चच्या दारातून सासूबाईंना बाहेर काढायला जो वेळ लागला तो मी सांगत नाही. आमच्याकडे आल्यावर त्या सोफ्याच्या कडेवर टेकल्या. "कोट काढत नाही मी. फार थांबायचं नाहीये." पर्स मांडीवर. एका बाजूला मार्लिस, मागे कर्टिस उभा. मी बटण दाबलं.

बूट दिसले. पायपुसणं दिसलं. गुडघ्यांवर हात आपटल्याचा आवाज आला आणि हिल्मर म्हणाले, "बरं, चला तर मग."

मार्लिसनं आईचा हात धरला. सासूबाई हलल्या नाहीत. हिल्मर बोलत होते. यंदाच्या ऱ्हुबार्बच्या भाजीबद्दल, कुणाच्या तरी ट्रॅक्टरच्या आवाजाबद्दल, रस्त्यात हरणं येतात त्याबद्दल. मध्ये मध्ये सासूबाईंचा तेव्हाचा तरुण आवाज, खळखळून बोलणारा. मग हिल्मर म्हणाले, "आर्डिस, मी गाडी गरम करतो."

"बघा," सोफ्यावरच्या सासूबाई पुटपुटल्या. "गेला."

पायाखाली बर्फ करकरलं. गाडीचं दार लागलं. पडद्यावर आता नुसता अंधार आणि त्यात स्टिअरिंगची खालची कड. इंजिन सुरू झालं. बराच वेळ काही नाही. मग एक फुटक्या गळ्याचा पोरगेला आवाज आला. मागे उभा असलेला कर्टिस दचकला. तो त्याचाच होता.

"बाबा, हॉर्न वाजवू का? ती काही येत नाही."

"नाही वाजवायचा."

"मग निदान काच तरी वर करा. गारठलोय मी."

"काच वर केली तर ऐकू कसं येईल?"

"काय ऐकू यायचंय?"

"तुझी आई. हसतेय बघ." मग ते म्हणाले, "आठवडाभर तिला मी आणि गाई. बोलू दे तिला. मी आहे इथं निवांत."

पडद्यावर अंधार होता आणि त्या अंधारात, खूप लांबून, उघड्या काचेतून, दारात उभ्या असलेल्या एका बाईचं हसणं ऐकू येत होतं. हिल्मर ते ऐकत बसले होते. आम्हीही ऐकत बसलो.

पुष्कळ वेळानं गाडीचं दुसरं दार उघडलं. "झालं रे बाबा, चल," तरुण आर्डिस म्हणाली. "चिडलास ना?"

"छे," हिल्मर म्हणाले. "कशाला?"

टेप संपली. मार्लिस रडत होती आणि मीही, उगाच कशाला लपवू? सासूबाई पडद्याकडे बघत राहिल्या. मग त्यांनी पर्स बाजूला ठेवली आणि कोटाची बटणं एकेक करून काढायला सुरुवात केली.

"लाईल," त्या म्हणाल्या, "पुन्हा लाव."